तुआपेकचा मांडव

रताळ्याचा पाला निवडता निवडता किमचू आजीनं ट्रकचा ब्रेक किंचाळलेला ऐकला. ती हातातली टोपली टाकून रस्त्यावर आली तेव्हा ट्रक वळणापलीकडे गेलेला होता आणि हवेत नुसती पिसं उडत होती. पांढरीशुभ्र, ओंजळ ओंजळ पिसं.

"तुआपेकऽऽ!" आजीनं हाक मारली. उत्तर आलं नाही. असं सोळा वर्षांत कधी झालं नव्हतं.

तुआपेक हा तिचा हंस. मान ताठ, नजर वाकडी, चोच लोखंडाची. पोस्टमनला तो चावला होता, विमा विकणाऱ्याला चावला होता, जमादार लिआओंच्या पोटरीवर तर त्याची खूण आजही होती. या घरी कुत्रा नव्हता, कारण आधीचे दोन कुत्रे त्याच्या धाकानं घर सोडून गेले होते. आजीनं गटार धुंडाळलं, भाताचे बांध पालथे घातले. काही सापडलं नाही.

"ट्रकलाच चिकटून गेला असेल," थियानचाई आजोबा म्हणाले. त्यांना फार दुःख झालेलं दिसलं नाही. त्यांच्या तीन विजारी तुआपेकनं फाडल्या होत्या.

"तुम्ही गप्प बसा," आजी म्हणाली.

रस्त्यापलीकडच्या दारातून आबीनं विचारलं, "काय झालं गंऽऽ?"

"ट्रकनं..." आजी ओरडली आणि तेवढ्यात दुसरा ट्रक गेला. पुढचं वाक्य त्याच्या चाकाखाली गेलं.

हल्ली त्यांचं सगळं असंच चाललं होतं. पन्नास वर्षं रोज दुपारी तीन वाजता आबी आपलं बुटकं स्टूल घेऊन समोरून यायची. दोघी कलिंगडाच्या बिया फोडायच्या आणि गावातल्या प्रत्येक सुनेचा निकाल लावायच्या. मग नदीतली वाळू उपसायला कंत्राटदार आला, दिवसाला दोनशे ट्रक गावातून सुटले, आणि चैत्रात एका ट्रकच्या नुसत्या वाऱ्यानं आबी अळकुड्यांच्या टोपलीसकट गटारात पडली. त्या दिवसापासून तिनं रस्ता ओलांडला नव्हता. आता दोघी आपापल्या दारात बसून ओरडायच्या. अर्धं भांडण इकडे, अर्धं तिकडे, मधलं ट्रकखाली.

त्यात आबीचा मुलगा होकबेंग ताइचुंगहून येऊन बजावून गेला होता, "मावशी, चंद्राचा सण झाला की आईला नेतो. बाराव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे. या रस्त्यावर तिला ठेवायची माझी छाती नाही. ट्रक हळू झाले तर सांगा, नाहीतर नाही."

सणाला सहा आठवडे उरले होते. बाराव्या मजल्यावर आबी कुणाशी भांडणार?

किमचू आजी काही हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हती. तालुक्याच्या कचेरीत ती चार वेळा जाऊन आली होती. तिथला कारकून मोठा गोड बोलायचा.

"आजी, सिग्नल अपघातांच्या यादीवरून मिळतो. तुमच्या गावापुढे शून्य आहे. कुणी गेलेलं नाही ना."

"मग मी मरून येऊ का?"

"तसं नाही हो. पण कुणी गेलं, तर अर्ज लगेच पुढे सरकतो."

हे बोलणं आजीच्या डोक्यात बसलं होतं. आणि हातात तुआपेकची पिसं घेऊन उभी असताना तिला गेल्या महिन्यातली म्हाताऱ्या तेंगची मयत आठवली. रस्त्यात पिवळ्या कापडाचा मांडव पडला होता, आणि तीन दिवस एकेक ट्रक गोगलगायीसारखा सरकत होता. हॉर्न नाही, गाणी नाहीत. एका ड्रायव्हरनं तर तोंडातली सुपारी थुंकून हात जोडले होते. ट्रकवाले पोलिसाला भीत नाहीत. पण परक्या मयतावर हॉर्न वाजवावा आणि त्याचं भूत मागच्या सीटवर बसून घरी यावं, ही हिंमत कुणात नाही.

"अहो," आजी म्हणाली, "मांडववाल्याला फोन लावा."

"हंसासाठी मांडव?"

"सोळा वर्षं घर राखलं त्यानं. तुम्ही काय राखलंत?"

आजोबांनी फोन लावला.

दुपारपर्यंत अर्धा रस्ता अडवून पिवळा मांडव उभा राहिला. आत चौरंग, फळं, उदबत्त्या, आणि पडद्यामागे तुआपेकचा फोटो. त्याचा एकच फोटो होता, नातीच्या लग्नातला. त्यात तो आजोबांच्या विजारीला लोंबकळत होता. विजार कापता आली नाही, म्हणून आजीनं पडदा नीट ओढून घेतला.

मग देवळातल्या पंचांगवाल्याकडे गेली. मूठमाती नुसत्या पिसांना द्यायची असली, तरी मुहूर्त लागतोच.

"जन्म कधीचा?" पंचांगवाल्यानं चष्मा पुसत विचारलं.

"माकडाच्या वर्षातला."

"अरेरे. माकडाला हा महिना वाईट. पुढचा त्याहून वाईट." त्यानं पानं उलटली. "एकदम चंद्राच्या सणानंतरच. बरेच दिवस आहेत, आजी. चालेल?"

"देवाची इच्छा," आजी म्हणाली आणि त्याच्यापुढे दोन पपनसं ठेवली.

संध्याकाळी जमादार लिआओ फॉर्म घेऊन आले. रस्त्यात मांडव घालायचा तर पोलिसाची चिठ्ठी लागते.

"मयताचं नाव?"

"लिम तुआपेक."

लिआओंचं पेन थांबलं. डावा हात आपोआप पोटरीकडे गेला. "आजी, हा तोच का?"

"तोच."

"वय?"

"सोळा."

"कारण?"

"ट्रक."

लिआओंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. वळणावर उन्हात उभं राहून शिट्टी फुंकण्यात त्यांची नोकरी चालली होती आणि एकही ट्रक कधी थांबला नव्हता. "माणूस की जनावर, असा रकाना यात नाही," ते सावकाश म्हणाले. "रकानाच नाही, तर मी काय करणार?" आणि शिक्का मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ट्रक वळणावरून सुसाट आला, मांडव पाहिला आणि असा हळू झाला, की त्याच्या शेजारून एक कोंबडी पुढे गेली. त्याच्या मागचा तसाच. त्याच्या मागचाही. दुपारी बरोबर तीन वाजता समोरचं दार उघडलं. आबी स्टूल काखेत मारून, डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत, पायाखाली पाहत रस्ता ओलांडून आली.

"पाय पाहा कसे थरथरतायत," ती म्हणाली.

"मग बस की. आरती ओवाळू?" किमचू आजी म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. उदबत्तीचा धूर फार होता.

इथवर सगळं ठीक होतं. पण मांडव म्हटला की माणसं येणारच. शेजारच्या गावातल्या बायका रडत आल्या. त्यांना वाटलं, थियानचाई आजोबा गेले. गळ्यात पडून रडणाऱ्या बाईला मधेच थांबवून 'हंस गेला' असं सांगायचं कसं? आजीनं मयताघरी द्यायच्या पैशांची पांढरी पाकिटं तेवढी हात जोडून परत केली आणि बाकी रडू दिलं. स्वतः आजोबा मात्र सायकलवर टांग मारून टोफू आणायला गेले, तेव्हा दुकानदाराच्या हातातून अख्खी लादी पडली.

"आजोबा! तुम्ही तर... गेलात ना?"

"गेलो नाही, आलोय. अर्धी लादी दे. पडलेली नको."

तिसऱ्या आठवड्यात वाळूच्या कंत्राटदारानं, कुणाच्या का होईना, मयताला मान म्हणून डब्यांचा मनोरा पाठवला. शीतपेयाचे डबे, माणूसभर उंच, वर कमळ. आजोबांना त्या मनोऱ्याचा लळा लागला. पुढून दिसू नये म्हणून ते रोज मागच्या बाजूनं एक डबा काढून प्यायचे.

आबी तीन वाजता यायची, कागदाची कमळं वळायची आणि जाताना मूठभर मका मागून न्यायची. "कोंबड्यांना," म्हणायची. तिच्याकडे कोंबड्या नव्हत्या. मधूनच तिच्या परसातून एक कर्कश आवाज यायचा, आणि तो आला की आबीला जोराचा खोकला यायचा.

"घसा धरलाय," ती म्हणायची.

"मध घे," किमचू आजी मान वर न करता म्हणायची.

इकडे लिआओंचा फॉर्म कचेरीत पोचला होता. तिथल्या गोड कारकुनानं तो वाचला. सोळा वर्षांचा आणि नाव तुआपेक? इतकं जुनाट नाव हल्लीच्या पोराला कोण ठेवतं? चूक असणार. त्यानं डोकं चालवून सोळाचे शहाऐंशी केले, गावापुढच्या शून्याचा एक केला आणि यादी सभापतींकडे पाठवली. खो सभापतींची निवडणूक दोन महिन्यांवर होती. ते एकही मयत चुकवत नसत.

पाचव्या आठवड्यात ते आले. मागे गाडी, गाडीवर भोंगा, हातात तसबिरीएवढा शोकसंदेश. सगळं गाव जमलं. लांबच्या लांब ट्रक खोळंबले. सभापतींनी पडद्यापुढे तीनदा वाकून नमस्कार केला आणि माइक हातात घेतला.

"तुआपेककाकांना मी लहानपणापासून ओळखत होतो," ते गहिवरून म्हणाले. "किती शांत माणूस! उभ्या आयुष्यात कुणाला दुखावलं नाही."

जमादार लिआओंनी पोटरी चोळली. पोस्टमन आभाळाकडे पाहू लागला.

"दारी आलेल्या प्रत्येकाचं त्यांनी प्रेमानं स्वागत केलं..."

नेमकी तेव्हाच थियानचाई आजोबांना तहान लागली. ते हळूच मनोऱ्यामागे गेले आणि त्यांनी रोजच्यासारखा एक डबा ओढला. पण मागचा मनोरा आता नव्हताच; होतं ते नुसतं पुढचं तोंड. ते आधी डुललं, मग वाकलं, आणि धडाधड कोसळताना पडदा घेऊन खाली आलं. डबे गडगडत सभापतींच्या बुटांपर्यंत पोचले. आणि उदबत्त्यांच्या धुरात, सोनेरी चौकटीत, विजारीला लोंबकळणारा हंस सर्वांकडे रागानं पाहू लागला.

एका डब्याचं गडगडणं तेवढं ऐकू येत होतं. मग एक मोबाइल वर झाला. मग दुसरा. मग सगळेच.

सभापतींनी फोटोकडे पाहिलं, मोबाइलांकडे पाहिलं, किमचू आजीकडे पाहिलं. आजीनं नजर हटवली नाही. सहा महिन्यांत चार हेलपाटे घालणाऱ्या बाईची नजर होती ती. पण माणूस तीनदा निवडून आलेला होता.

"आणि म्हणूनच!" ते गरजले. "आज हंस गेलाय, उद्या माणूस जाईल! माणूस जाईपर्यंत वाट पाहणारे सभापती वेगळे! म्हणून मी मुद्दाम, सगळं ठाऊक असताना, एका मुक्या जिवापुढे वाकलो! सणाच्या आत इथे सिग्नल लागेल! दोन्ही बाजूंना गतिरोधक होतील!"

टाळ्या पडल्या. खोळंबलेल्या एका ट्रकवाल्यानंही खिडकीतून हात काढून वाजवल्या.

आणि सिग्नल खरंच लागला. सणाच्या आदल्या दिवशी, खांबाला लाल फीत. सभापती कात्री घेऊन उभे, होकबेंग आईला न्यायला रिकामी गाडी घेऊन आलेला. पलीकडे आबीनं खांबावरचं बटण दाबलं. दिवा लाल झाला. नदीकडून आलेला ट्रक गतिरोधकावर हिसका खाऊन थांबला, त्याच्यामागे दुसरा थांबला. आबी काखेत स्टूल घेऊन निघाली, आणि तिच्या मागोमाग, मान ताठ, शेपटी अर्धी, तुआपेक.

सभापतींचा चेहरा पांढरा पडला. "आजी, हा कोण?"

"धाकटा भाऊ," किमचू आजी म्हणाली.

सभापतींची मान सवयीनं झुकली. तुआपेकनं ती संधी सोडली नाही. पण जखम काही खोल नव्हती.

गर्दी पांगल्यावर दोघी मांडवाच्या रिकाम्या जागी बसल्या. होकबेंग गाडीत चढवलेली आईची बॅग काढून परत घरात ठेवून आला.

"त्या दिवशी वाऱ्यानं उडून माझ्या कोबीत पडला," आबी बी फोडत म्हणाली. "अर्धी शेपटी गेली, बाकी शाबूत. मी पाठवणारच होते गं. पण रस्त्याला असा घाबरला, की दारापर्यंत येईना. माझ्यासारखाच. मग तू मांडव घातलास, ट्रक हळू झाले... म्हटलं, राहू दे थोडे दिवस मेलेला." तिनं दुसरी बी उचलली. "तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. सोळा वर्षं त्याच्या आवाजावर उठतेय मी. आणि तुला खोकता कुठे येतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"कोबी कुणाची खात होता? माझी का?"

एवढ्यात जमादार लिआओ फॉर्म घेऊन आले, तुआपेकपासून दोन हात लांब उभे राहिले. "आजी, कचेरीत जाऊन आलो. यादीतून नाव काढायचं तर मयतानं स्वतः हजर होऊन सही करावी लागते, म्हणतात. आणि नाव काढलं की तुमचा आकडा पुन्हा शून्य. शून्याला सिग्नल नाही."

किमचू आजीनं तुआपेककडे पाहिलं. तो गतिरोधकावर चढून थांबलेल्या ट्रकच्या टायरला दम देत होता.

"तो नाही म्हणतोय," ती म्हणाली.

त्यामुळे सरकारदरबारी तुआपेक मेलेलाच आहे. रोज दुपारी तीन वाजता तो किमचू आजीच्या दारातून निघतो, लाल दिव्यापाशी थांबलेल्या ट्रकांपुढून रमतगमत पलीकडे जातो आणि आबीला घेऊन येतो. दिवा बदलला तरी घाई करत नाही. पण आजवर एकाही ट्रकवाल्यानं त्याला हॉर्न दिलेला नाही. मेलेल्याशी कोण वाकडं घेणार?