कढई बाहेरच राहते

बायको गेली हे अप्पांना दवाखान्यातच कळलं होतं. तिच्याबरोबर आणखी काय काय गेलं, ते मात्र महिन्याभराने कळलं. चहाच्या गाळणीसाठी त्यांनी स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं. गाळणी ओढली, तिच्यामागून झाकण आलं, झाकणामागून डबे, आणि मग अख्खा संसार पायावर आला.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर धावत वर आले. "घर पडलं की काय?"

"फडताळ. आणि आज मुलगी येतेय. हे बघितलं की म्हणेल, एकट्याला जमत नाही तुम्हाला, चला माझ्याकडे. मला घर सोडायचं नाही हो."

"एवढंच ना? पार्सलं रचण्यात जन्म गेला माझा. मोठं आधी, बारीक मागून!"

तसं रचलं. कढई उरली. कढई आधी घातली, तर पातेलं उरलं. पातेलं कोंबलं, तर दार लागेना. पोस्टमास्तरांनी दाराला पाठ लावली, अप्पांनी कशीबशी कडी घातली. दोघांनी श्वास सोडला, कडी निसटली आणि पोस्टमास्तर डब्यांसकट जमिनीवर आले.

तेवढ्यात मुलगी दारात. हातात मोठी, रिकामी बॅग. ती कशासाठी, हे अप्पांना विचारावं लागलं नाही.

"अप्पा, हे काय?"

"आवरत होतो."

मुलगी बंदरावर नोकरीला होती. जहाजावर माल कसा रचायचा, ते कॉम्प्युटरवर ठरवायची. तिने बाह्या सरसावल्या. "सगळ्या रचना करून बघायच्या म्हटलं, तर आपल्या तिघांचे जन्म पुरणार नाहीत."

"मग तुम्ही काय करता?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"बरी दिसेल ती रचना करायची. मग मुद्दाम थोडी मोडायची, अदलाबदल करायची. सुरुवातीला बिघडली तरी चालवून घ्यायचं. नाहीतर माणूस एकाच ठिकाणी अडकून बसतो."

"माझ्याकडे बघून कशाला बोलतेस?" अप्पा म्हणाले.

छान बसलेलं पातेलं तिने बाहेर काढलं, तेव्हा पोस्टमास्तरांनी कपाळाला हात लावला. पण हळूहळू जागा निघत गेली. डबे बसले, झाकणं बसली. कढई तेवढी राहिली.

"तुझ्या आईचं तर सगळं मावायचं," अप्पा म्हणाले.

मुलगी थांबली. "अप्पा, कढई फडताळात कधी बघितलीत तुम्ही?"

अप्पांनी आठवून पाहिलं. सकाळी गॅसवर. दुपारी घासायला. संध्याकाळी परत गॅसवर.

कढई बाहेर ठेवली आणि दार एका बोटाने लागलं.

"म्हणजे मला रोज शिजवायला हवं," अप्पा म्हणाले. "नाहीतर हे घर मावणार नाही."

मुलगी हसली, मग तिने डोळे पुसले. "ही बॅग इथेच राहू दे?"

"घेऊन जा. ठेवायला जागा कुठाय?"

कढई गॅसवर गेली. गाळणी फडताळात सगळ्यांत मागे गेली होती. चहा अजून व्हायचाच होता.