जपानी लेकरांच्या गालावर टिका

कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात मीच ठरवलं होतं. सातवी शिकलेल्या बाईनं मिक्सरपर्यंत जावं, पुढं नाही, असं माझं मत. पण दिवाळी झाली, गावोगावच्या मंडई, म्हणजे जत्रा सुरू झाल्या आणि आमच्या वडशात नाटक कंपन्यांची धांदल उडाली. आमचा फोटो स्टुडिओ घराच्या पुढच्याच खोलीत. नटांचे फोटो, हँडबिलं, यात ह्यांना जेवायची फुरसत नाही. त्यात एका कॉन्व्हेंटनं गॅदरिंगसाठी बिल्ले सांगितले. त्यावर टीव्हीत येतात तसली जपानी कार्टून लेकरं पाहिजेत, बोराएवढे डोळे आणि काट्यासारखे केस असलेली. ह्यांनी चेहऱ्यांच्या काळ्या रेघा काढून ठेवल्या होत्या. रंग बाकी होता.

"तू भर," हे म्हणाले. "रांगोळीत भरते तसाच. ही बादली, इथी क्लिक केलं का झालं."

मी "बरं" म्हटलं. तिथंच चुकलं.

पहिल्याच लेकराच्या हनुवटीची रेघ कुठंतरी तुटलेली होती. तिथून निळा रंग निसटला आणि लेकरासकट अख्खा पडदा निळा. मी मेन स्विच बंद करायला धावले. ह्यांनी हात धरला आणि केलेलं मागं कसं घ्यायचं ते दाखवलं. (ही सोय संसारात कुठंच नाही, म्हणून मला फार आवडली.)

मग हात बसला. चित्र मोठं करायचं, रेघेतली फट शोधून बुजवायची, मग बादली ओतायची. केस जांभळे, डोळे हिरवे. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात ते एक लेकरू आलं. गाल फुगलेले, ओठ पुढं काढलेले. थेट आमचा सुमेध.

सुमेध वर्षाचा, आणि चार दिवसांपासून तापानं किरकिरत होता. हा चेहरा आता साऱ्या कॉन्व्हेंटभर फिरणार, शेकडो डोळे त्याच्याकडं टक लावून पाहणार. नजर लागलीच तर ती चित्राला लागेल की आमच्या पोराला, हे कोणाला विचारायचं? ह्यांना तर शक्यच नव्हतं. हे विहारात नजर आणि लिंबू-मिरचीविरुद्ध भाषण देतात. सुमेध झाला त्याच दिवशी मला बजावलं होतं, "काजळाचा टिका-बिका आपल्या घरात चालणार नाई."

पण कॉम्प्युटरमधल्या टिक्याबद्दल काही बोलले नव्हते.

मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, काळा रंग निवडला आणि डाव्या गालावर एक ठिपका ठेवला. जीव थंड झाला. तर बाजूच्या जांभळ्या केसांच्या पोरीनं माझ्याकडं पाहिलं. तिलाही आई असेल (जपानात). एकाला लावून दुसरीला उघडं सोडणं मला जमेना. मी सगळ्यांना लावला.

सकाळी ह्यांनी बिल्ल्यांची प्रिंट काढली. "डाग पडून राह्यला," म्हणाले. प्रिंटर साफ करून पुन्हा काढली. डाग तिथंच. "हेड गेलं वाट्टे."

नेमके तेव्हाच नाटक कंपनीचे मॅनेजर बिरजूभाऊ येऊन स्टुलावर बसले. त्यांची हँडबिलं संध्याकाळच्या आत निघायला पाहिजे होती, आणि ह्या कामावर आमचा हंगाम ठरणार होता. मी सुमेधला कडेवर घेऊन दारात उभी. आता सांगूनच टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर "चहा ठेवू का?" एवढंच निघालं.

ह्यांनी मेकॅनिक मुबीनला बोलावलं. त्यानं प्रिंटर उघडून स्क्रू माझ्या पोह्याच्या प्लेटमध्ये ठेवले.

बिरजूभाऊ म्हणाले, "विक्कीभाऊ, जमत नसन तं सांगा. मी ब्रह्मपुरीले करून घेतो."

"जमते ना भाऊ. बसा तं खरं."

मुबीननं ती प्रिंट उजेडात धरली. "भाऊ, डाग साऱ्यायच्या डाव्याच गालावर हाय. प्रिंटरले गाल समजते काय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. (मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.)

"रोशनी, हे काय होय?"

"मस होय. जपानी लेकरायले रायते."

"साऱ्यायले?"

"तिकडच्या पाण्यानं होत असन."

गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून हे प्रिंटरकडं वळले. मुबीननं प्रिंटर जोडला. दोन स्क्रू प्लेटमध्ये उरले. "कंपनीवाले जास्तीचेच लावते," तो म्हणाला. मग हँडबिल निघालं, आणि त्यावर डाग. खराखुरा, मसुरीएवढा, हिरोच्या बरोबर गालावर. दुसऱ्यावरही तिथंच. चांगला प्रिंटर माझ्यामुळं बिघडला होता. मला रडू येऊ लागलं.

बिरजूभाऊंनी कागद जवळ धरला, लांब धरला. "आमच्या हिरोले मस नाई," ते म्हणाले. "लावून घेऊ मंग. तोंड तं रोज रंगवतेच तो. काढा तुम्ही साऱ्या कॉप्या. वहिनी, जरासं काजळ द्या बरं, तो गाडीतच बसला हाय. लावून पाहू."

काम वाचलं, ह्या आनंदात मी आत धावले, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि काजळाची डबी आणून दिली. झाकणाला तांदूळ चिकटलेले.

ह्यांनी डबी उघडली. अर्धी संपलेली.

"काजळ कोण लावते आपल्या घरी?"

"मीच," मी म्हटलं. "डोळ्यात."

ह्यांनी माझ्या कोऱ्या डोळ्यांकडं पाहिलं. मग सुमेधच्या कानामागचा काळा टिका पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना साधेपणानं विचारलं, "आज काजळ नाई घातलं?"

तेव्हापासून मी रोज घालते. मला काजळ सोसत नाही. डोळे लालभडक होतात, दिवसभर पाणी गळतं. सुमेध खणखणीत बरा आहे (मी काही म्हणत नाही). काल शेजारच्या मीराबाईंनी मला तसं पाहिलं आणि ह्यांना म्हणाल्या, "विक्की, पोरीकडं पाह्य जरा. कोणाची तरी नजर लागली तिले."

मी भाषणाची वाट पाहिली.

"नाई बाई," हे म्हणाले. "काजळ कमी पडून राह्यलं."