खाइंझाचं पथ्य आणि अख्खी गल्ली

"तीन महिने द्या, डॉक्टरीणबाई! आकडा खाली आणून दाखवते, नाहीतर नाव नांबोझो लावणार नाही!"

म्बालेच्या दवाखान्यात नांबोझोने टेबलावर अशी थाप मारली, की वजनकाट्यावर उभी असलेली तिची लेक दचकून खाली उतरली. खाइंझा अकरा वर्षांची. जन्मापासून डाउन सिंड्रोम. अशा मुलांची थायरॉइड बऱ्याचदा मंद असते, वजन पटकन चढतं, हे डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. त्यात आता रक्तातली साखर अगदी काठावर येऊन उभी! गोळी रोज घ्यायची. सोडा, बिस्किटं, तळलेलं बंद. घेवडा, पालेभाजी, मासे भरपूर, मक्याचा पोशो बेताने, आणि रोज चालायचं.

नांबोझो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारखिडकीवर बसायची. दिवसाला दीडशे माणसांना 'नाही' म्हणणाऱ्या बाईला एका पोरीचं पथ्य काय जड?

त्याच संध्याकाळी घरातून साखर हद्दपार झाली. नवरा वामिंबी चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "हा चहा आहे का शिक्षा?"

"गप प्या!"

महिनाभराने काटा पाहिला, तर दीड किलो जास्त!

"काटा बिघडलाय तुमचा!"

"परवाच तपासलाय," नर्स थंडपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नांबोझोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शाळेच्या फाटकापासून छत्रीआडून लेकीचा माग काढला. पाहते तर काय! चपातीवाल्याने अंडं गुंडाळलेली गरम चपाती हातावर ठेवली. शिंप्याने तळलेली गोड मांदाझी दिली, चांगली तेलाने निथळणारी! दुकानदार नाखुमित्सामावशीने सोडा फोडून दिला, वर बिस्किटाचा पुडा. खाइंझा प्रत्येकाला मिठी मारत होती, प्रत्येकाच्या गाईची नावानिशी चौकशी करत होती. निवडणुकीतल्या उमेदवाराचंही एवढं स्वागत होत नाही! चारशे पावलांत पोरीने चार जेवणं उरकली.

प्रत्येकाला समजावत बसायला नांबोझोला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. तिने गणवेशाच्या पाठीवर लाल दोऱ्याने ठसठशीत भरतकाम केलं: 'मला घरी भरपूर मिळतं. खायला देऊ नका!' पण पाठ पुरली नाही. पहिलं वाक्य दप्तराखाली दडलं आणि दिसायला उरलं फक्त 'खायला देऊ नका!' खाइंझा मात्र खूश! गिरकी घेऊन घेऊन सगळ्यांना दाखवत सुटली.

रविवारी चर्चमध्ये पास्टर मफाबी गहिवरून म्हणाले, "आपल्याच कळपातलं एक लेकरू उपाशी आहे. त्याला खायला देऊ नका, असा घरच्यांचा हुकूम आहे!"

नांबोझोने चुकचुकत शेजारणीच्या कानात म्हटलं, "कसल्या आया असतात एकेक!"

शेजारीण नुसती थोडी सरकून बसली.

दुपारी पंचवीस बायका गात गात नांबोझोच्या अंगणात शिरल्या. पुढे नाखुमित्सामावशी, डोक्यावर साखरेचं पोतं. मागे सोड्याचा क्रेट, पाव, तेलाचा डबा आणि गुलाबी मलईचा तीन मजली केक!

"अगं, अडचण होती तर सांगायचंस!" मावशीने डोळे पुसले. "देवाने आधीच त्या लेकराला कमी दिलंय. त्यात तू तोंडचा घास काढतेस?"

नांबोझोचा बांध फुटला. "कमी? काय कमी दिलंय तिला, मावशी? तुम्हाला तिची दया येते म्हणून तुम्ही सोडा पाजता, आणि सुई टोचली की रडते ती! तिच्या रक्तात साखर चढतेय! कीव नको मला तुमची! घेवडा द्या! बांबूच्या कोंबांचा मालेवा द्या! नाहीतर तिच्याबरोबर चार पावलं चाला!"

वामिंबी दारामागे गेला. मावशीने पोतं हळूच खाली ठेवलं.

"हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," ती पुटपुटली.

सांगितलं नव्हतंच. नांबोझोला एकदम ओशाळल्यासारखं झालं. एवढ्यात खाइंझा पुढे आली. तिने केककडे बराच वेळ पाहिलं, आवंढा गिळला आणि मावशीचा हात धरला.

"माझी साखर जास्त आहे. तुझी किती?"

"माझी? मला काय धाड भरलीय?"

"सुई टोचतात. मी तुझा हात धरीन. चल!"

आणि सोमवारी ती खरोखरच मावशीला दवाखान्यात घेऊन गेली! मावशीचा आकडा खाइंझापेक्षा वरचा निघाला. मंगळवारी शिंपी. बुधवारी पास्टर, त्यांचा आकडा पाहून नर्सने चष्मा पुसला. तिथून पुढे गल्लीत कुणाचा घास सुरक्षित राहिला नाही. खाइंझा शाळेतून येताना प्रत्येकाच्या ताटात डोकावायची. मांदाझी दिसली की कमरेवर हात! तिला नाही म्हणायची छाती कुणाची? संध्याकाळी तिच्यामागे डझनभर माणसं धापा टाकत चालायची, चर्चच्या टेकडीपर्यंत आणि परत. घरी तर कहर! आईच्या पोशोचा अर्धा गोळा ती रोज मोजून काढून घ्यायची.

तीन महिने संपले. खाइंझाचं वजन दोन किलो कमी, साखर काठावरून मागे.

"कमाल केलीत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कसं जमवलंत?"

नांबोझोने मान ताठ करून घसा खाकरला.

"आईने काही नाही केलं," खाइंझा म्हणाली. "आई ओरडत होती. मी केलं."

लेक गोळ्यांच्या रांगेत उभी राहिली, तशी नांबोझो हळूच दवाखान्याच्या मागच्या टपरीवर सटकली. तीन महिन्यांत एक थेंब गोड चहा नाही! तिने दोन चमचे साखर घालून कप तोंडाला लावला, तर कोपऱ्यात कुणीतरी पाठमोरं बसून गाल फुगवून काहीतरी चघळत होतं.

"पास्टर! तुम्ही?"

पास्टर मफाबींनी मांदाझी बाहीत लपवली. इकडेतिकडे पाहिलं.

"ती कुठाय?"

"गोळ्यांच्या रांगेत."

"पुढे किती माणसं आहेत?"

"दोन."

"मग बघतेस काय बाई माझ्याकडे? पी लवकर!"