लाटणं कानाला लावणारे दाजी

माझ्या बहिणीच्या घरी चपात्यांना इंजिन ऑइलचा वास यायचा. तो वास नऊ वर्षांपूर्वी बंद झाला, आणि तो माझ्यामुळं बंद झाला, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या दाजींना तर नाहीच. मी मुळातच कमी बोलणारा. परंड्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. तिथंही गिऱ्हाईक बोलतं आणि मी मुकाट्यानं कंपासपेटी काढून देतो. माझ्या गप्प बसण्याला लोक सभ्यपणा समजतात. मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

आधी त्या वासाचं सांगतो. दाजी म्हणजे माझी धाकटी बहीण शोभा, तिचे यजमान. वैजिनाथराव. राहायला येडशीला आणि धाराशिवला एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. आलेल्या टपालाला नंबर घालायचा, गेलेल्या टपालाला नंबर घालायचा. जीव मात्र सगळा मोटारींत. आता यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. विशेष हे की दाजींना गाडी चालवता येत नाही. लायसन्स नाही. विकत घ्यायचीही हौस नाही. त्यांना गाडी फक्त ऐकायची असते.

दारात कुणाची गाडी घरघरत उभी राहिली की दाजी स्वयंपाकघरात घुसायचे, शोभाच्या हातातलं लाटणं ओढून घ्यायचे आणि बाहेर धावायचे. लाटण्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. डोळे मिटलेले. कुणी बोललं तर, "श्शू! बोलतीया ती!" मग डोळे उघडून निकाल. तीन नंबरचा व्हॉल्व्ह, नाहीतर पाण्याचा पंप, नाहीतर "हिला काय बी झालं न्हाय, मालक हिला दाबतोय उगं." निकाल लागला की लाटणं स्वतःच्या पायजम्याला पुसून परत परातीत.

शोभानं कंटाळून दुसरं लाटणं आणलं. गाडीच्या लाटण्याला लाल दोरा बांधला. दाजींनी तो सोडून टाकला, कारण दोऱ्यानं आवाज दबतो. मग दोन्ही लाटणी पुन्हा सारखी दिसायला लागली, आणि दोन्हींना वास लागला.

हा माणूस आमच्या घरात मी आणला. स्थळ मी बघितलं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एकच विचारलं होतं, "नोकरी हाय का?" मी म्हणालो, "पर्मनंट." आबा म्हणाले, "मग रंग-रूप तुमचं तुमी बगा." मुलाला कसला नाद आहे, हे मी विचारलं नव्हतं. ते लग्नातच कळलं. मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली होती आणि नवरदेव जीपच्या बॉनेटमध्ये वाकलेले. मुंडावळ्या पंख्यात अडकू नयेत म्हणून त्या कानामागं खोचलेल्या. भटजी माइकवरून हाका मारतायत. आबा लालबुंद. मी धावत गेलो.

"दाजी, मुहूर्त टळतोय!"

"पाव्हणं, हितं पट्टा रडतोय आणि तुमाला मुहूर्ताचं पडलंय?"

परतीच्या वाटेवर तो पट्टा खरोखरच तुटला. वऱ्हाड दोन तास बाभळीखाली बसून होतं. सगळ्यांत खूश एकटे दाजी.

पुढं आम्हाला सवय झाली. माणसांकडंही ते गाडी म्हणूनच बघायचे. भाचा जन्मला तेव्हा त्याचा टाहो ऐकून म्हणाले, "सायलेन्सर मोकळा हाय, काळजी न्हाय." आबांना खोकल्याची उबळ आली की, "मामा, चोक वढल्याबिगर सकाळी सुरू हुत न्हाय तुमी." आबा माझ्याकडं बघायचे. मी दुसरीकडं बघायचो. एस.टी.त दाजी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून मागल्या स्प्रिंगच्या पाट्याची तक्रार सांगायचे. पहिली दोन-तीन वर्षं ड्रायव्हर हाकलून द्यायचे, नंतर स्टँडवर तेच हाक मारायला लागले, "राव, जाता जाता जरा ऐकून जावा की." कचेरीत एकदा आवक रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात दाजींनी लिहिलं, 'क्लच घसरतोय.' साहेबांनी लेखी खुलासा मागितला. दाजींनी लेखी खुलासा दिला, 'सदर क्लच हा पत्र घेऊन आलेल्या जीपचा आहे.'

असं सगळं हसत-खेळत चाललं होतं. मग नळदुर्गहून रशीदचाचा आले.

चाचांचं हायवेवर मोठं गॅरेज. ट्रकवाल्यांकडून त्यांनी दाजींबद्दल ऐकलं होतं. येऊन ओसरीवर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "येडशीच्या फाट्यावर माझी एक शेड रिकामी पडलेली हाय. कान तुमचा, हात माझ्या मिस्त्रींचे. निम्मेनिम्म. मगर पहले इम्तिहान. मी माझ्या गाडीत एक खराबी करून आणतो. तुम्ही ऐकून सांगा. सांगितली तर शेडची चावी तिथंच देतो."

दाजी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे. मुलं शाळेत. निवृत्तीला दहा वर्षं. महिनाभर त्यांनी मला दर रविवारी फोन केला. एरवी आमचं बोलणं सणासुदीलाच. "पाव्हणं, नोकरी म्हंजी न्यूट्रलमधली गाडी. इंजिन चालू, तेल जळतंय, जागा तीच." मी "हूं" म्हणायचो. "पण पगार हाय पाव्हणं. पेन्शन हाय." मी परत "हूं". शेवटी त्यांनी राजीनामा लिहिला. आवक कारकून स्वतःच, म्हणून त्यावर आवक नंबरही घातला, पण पेन्सिलीनं. चाचांच्या परीक्षेत पास झाले तर वरून शाई फिरवायची, नाहीतर खोडरबर. खंडेनवमीचा दिवस ठरला. त्या दिवशी घरोघरी गाड्या-अवजारांची पूजा असते, म्हणजे मुहूर्त चांगला.

मी आदल्या दिवशीच येडशीला गेलो. शोभाला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"मला काय कळतंय त्यातलं दादा," ती कणीक मळत म्हणाली. "तुमीच बघा."

'बघा' म्हणजे 'थांबवा', असा अर्थ मी काढला. मला तोच हवा होता. आबा तोवर गेलेले; पण 'पर्मनंट' हा शब्द मी त्यांना दिला होता. उद्या हिच्या संसाराचं वाटोळं झालं तर? हे कारण मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलोय. ते खोटं नाही, पण त्याच्या आड आणखी एक होतं. मला माझं दुकान आवडत नाही. कधीच आवडलं नाही. आबांनी घालून दिलं आणि मी बसलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एक माणूस आपल्या आवडीच्या कामाला निघालाय, हे मला बघवलं नाही. एवढंच होतं ते.

खंडेनवमीला सकाळी चाचा त्यांची जुनी पांढरी मोटार घेऊन आले. चाकांवर पत्र्याच्या चकचकीत वाट्या. पूजेशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं शोभानं बजावलं. दाजी परीक्षेच्या काळजीनं सारखे परसाकडं जात होते, त्यामुळं पूजेला मी बसलो. चारी चाकांपुढं पान-सुपारी मांडली, हळद-कुंकू वाहिलं. मागच्या डाव्या चाकाची वाटी कडेला चेपली होती. बोट जाईल एवढी फट. कुंकू लावलेली एक सुपारी मी त्या फटीतून आत ढकलली. नारळ फोडला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

चाचांच्या मिस्त्रीनं गाडी सावकाश मागं-पुढं घेतली. दाजी लाटणं घेऊन बाजूनं चालत होते. चालता चालताच वाकायचे, चाकावरच्या पत्र्याला लाटणं टेकवून कान लावायचे. गल्ली गोळा झालेली. बऱ्याच वेळानं ते सरळ उभे राहिले. चेहरा गोंधळलेला.

"चाचा, आवाज दोन हायत."

"दोन कसे? मी एकच खराबी केलेली हाय."

"न्हाय. पुढं उजवीकडं एक बारीक हाय. आन् मागं डावीकडं एक मोठा."

"एकच हाय वैजिनाथराव. अल्ला कसम. एक बोलो."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. का बघितलं, कुणास ठाऊक. घरातला माणूस म्हणून असेल. मी चपलेकडं बघत होतो.

"मग मोठा तोच खरा," दाजी म्हणाले. "मागचं डावं चाक. बेअरिंगची गोळी फुटलीया."

चाचांनी मान हलवली. त्यांनी पुढच्या उजव्या चाकाचा एक बोल्ट ढिला केला होता. तरी मिस्त्रीनं मागची वाटी उचकटली. बेअरिंग नवं कोरं, आणि कुंकवानं माखलेली सुपारी टुणकन रस्त्यावर. गल्ली खदखदून हसली. "पूजेची सुपारी आत गेली की ओ!" चाचाही हसले, "परत घेऊ इम्तिहान. उद्या या नळदुर्गला."

दाजी हसले नाहीत. त्यांनी सुपारी उचलली, कपाळाला लावली. "नको चाचा. बेअरिंग आन् सुपारी ह्यातला फरक ज्याला कळत न्हाय, त्यानं लोकाच्या गाड्यांना हात लावू नये. कान गेला माझा. देवीनं येळेवर सांगितलं."

त्यांना दोन्ही आवाज बरोबर ऐकू आले होते. हे तिथं फक्त मला माहीत होतं.

दसऱ्यानंतर खोडरबर फिरलं. लाटणं स्वयंपाकघरातच राहायला लागलं. एस.टी.चे ड्रायव्हर हाका मारून थकले. आणि ती सुपारी? ती दाजींनी देवघरात ठेवली. रोज स्नान, गंध, फूल. संकष्टीला नैवेद्य. मी गेलो की शोभा म्हणते, "दादा, आधी देवाला हात जोडा." मी जोडतो. माझ्या लबाडीला नऊ वर्षं रोज ताजं फूल मिळतंय, आणि मीच तिला नमस्कार करतोय. असं दैवत जिल्ह्यात दुसरं नसावं.

यंदा दाजींना खरंच कमी ऐकू यायला लागलं. मी त्यांना सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डावा कान जवळपास गेलेला. उजवाही चाललाय, अजून वर्ष-दोन वर्षं काम देईल म्हणाले. दाजींना वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. बाहेर येताच मला म्हणाले, "बगितलं? मी तवाच म्हणलो होतो. गॅरेज काढलं असतं तर किती गरिबांच्या गाड्या बिघडवल्या असत्या म्या!"

गेल्या महिन्यात त्यांच्या घराला रंग द्यायचा होता. मी मदतीला गेलो. माळ्यावरचं सामान उतरवताना गोणपाटात गुंडाळलेला एक पत्रा हाती लागला. उलगडला. निळ्यावर पिवळ्या अक्षरांत दाजींच्या हातचं रजिस्टरी वळण: 'दाजी-मेव्हणे मोटार दवाखाना, येडशी फाटा.' खाली दोन नावं. एक त्यांचं. दुसरं माझं.

मी माळ्यावरच बसून राहिलो. दाजी खालून म्हणाले, "आं, ते व्हय? खंडेनवमीच्या आधीच रंगवलं होतं. तुमाला दाखवणार होतो, परीक्षा झाल्यावर."

"माझं नाव कशाला घातलं?"

"आं?"

"माझं नाव!" मी ओरडलो. शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं वळून बघितलं.

"मग कुणाचं घालणार?" दाजी शिडी धरून उभे होते. "तुमाला ते दुकान सोसत न्हाय, मला दिसत न्हवतं का? आन् पाव्हणं, मला गाडीचं ऐकू येतं. माणसाचं कधी ऐकू आलंच न्हाय. माज्याशी नीट बोलतं कोण? हसत्यात, निघून जात्यात. तुमी तेवढे गप बसून ऐकून घ्यायचा. दर रविवारी. गिऱ्हाइकाचं ऐकायला तसा एक माणूस लागतो."

शोभाही खालून म्हणाली, "मला तर वाटत होतं दादा, की करावं त्यांनी." मग ती रंगाचे डबे मोजायला गेली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आता दाजींशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि मी आयुष्यात जी गोष्ट कुजबुजूनसुद्धा सांगितली नाही, ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडून कशी सांगायची, ते मला सुचेना. मी पत्रा पुन्हा गोणपाटात गुंडाळला आणि शिडी उतरलो.

त्या दिवशी काय घडलं, ते कुणी केलं आणि का केलं, हे दाजींना सांगणं माझ्याकडं बाकी आहे. त्यांना ऐकू येतंय तोवर ते मला सांगायचंय.