उत्तमाचे नऊ गुण

येत्या सर्वसाधारण सभेत जनुकमेलनाचा ठराव आपण अकरा मिनिटांत हाणून पाडू, असे गुलाबरावांनी रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेण्याआधीच घरात जाहीर केले. दहा मिनिटे पुराव्याला आणि एक मिनिट टाळ्यांना.

"टाळ्यांना वेळ जास्त दिलाय," रत्नमाला म्हणाल्या. त्या गेली अडतीस वर्षे त्यांच्या पत्नी होत्या.

गुलाबराव मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते, बदलीने जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर खातीपुऱ्यातच राहिले. नोकरीत त्यांनी इंजिनाचे तेल तपासले, डब्यांचा रंग तपासला, फलाटावरचे पिण्याचे पाणी तपासले. मात्र पुरवठादार तोंडाने काय सांगतो ते त्यांनी एकदाही ऐकून घेतले नाही.

ठराव मराठी मंडळाचा होता. मंडळाच्या वधू-वर सूचीत ज्याला नाव घालायचे त्याने यापुढे जनुकांचा अहवाल जोडावा, असे अध्यक्ष दिलीपरावांनी सुचवले होते. गोपालपुऱ्यातली एक कंपनी मुलामुलीची लाळ घेई आणि दोघांचे स्वभाव जनुकांवरून जुळवून छत्तीसपैकी गुण देई. अठराच्या खाली गुण आले, तर मंडळ त्या स्थळाच्या वाटेला जाणार नव्हते. मसुद्यात 'विज्ञाननिष्ठ' हा शब्द सात वेळा आला होता. 'पुरावा' हा शब्द गुलाबरावांनी दोनदा शोधला, सापडला नाही.

एरवी त्यांनी एक खरमरीत पत्र लिहून विषय सोडून दिला असता. पण त्यांची मुलगी सावनी आणि प्रताप नगरच्या चारुलताबाईंचा निमिष यांनी एकमेकांना पसंत केले होते, साखरपुड्याचा हॉलही ठरला होता. इतक्यात चारुलताबाईंनी हौसेने दोघांची चाचणी करवली आणि गुण आले सतरा.

"पत्रिका आम्ही मानत नाही, गुलाबराव," चारुलताबाई फोनवर म्हणाल्या, "पण हे सायन्स आहे. सभेत काय ठरतं ते बघू, मग साखरपुड्याचं बोलू."

"बाबा, मतलब एका मार्कासाठी?" सावनीने विचारले. तिचा आवाज शांत होता. ती शांत झाली की गुलाबरावांना धडकी भरत असे.

म्हणून त्यांनी जुनी रीत काढली. रेल्वेत एखाद्या बाहेरच्या प्रयोगशाळेचा संशय आला, की एकाच पिंपातले तेल दोन बाटल्यांत भरून दोन नावांनी पाठवायचे. उत्तरे वेगळी आली तर दोष तेलाचा नसतो. गुलाबरावांनी आपलीच लाळ दोन नळ्यांत भरली. एका नळीवर लिहिले 'वर : गुलाब', दुसरीवर 'वधू : उत्तमा, वय सव्वीस'. माणूस तोच, जनुके तीच. तेव्हा गुण छत्तीसच यायला हवेत. पस्तीस आले तरी कंपनीचा कारभार आटोपला.

"उत्तमाची संमती घेतलीत का?" रत्नमालांनी विचारले.

प्रश्न थट्टेचा होता, पण गुलाबरावांना तो रास्त वाटला. कोणाचीही जनुके त्याच्या लेखी संमतीशिवाय तपासू नयेत, या मताचे ते होते. उत्तमा अस्तित्वात नव्हती, तिची लाळ मात्र होती आणि ती त्यांचीच होती. त्यांनी स्वतःकडून स्वतःसाठी संमतिपत्र घेतले, दोन प्रतींत.

कंपनीचे ऑफिस दोन कोचिंग क्लासच्या मधल्या मजल्यावर होते. काउंटरवरच्या परेश नावाच्या तरुणाने नळ्या घेतल्या.

"लड़की ख़ुद नहीं आई, अंकलजी?"

"शर्मीली है," गुलाबराव म्हणाले. संपूर्ण प्रयोगातले त्यांचे हे एकमेव अशास्त्रीय विधान.

आठ दिवसांनी अहवाल आला. छत्तीसपैकी नऊ. वधू मृदुभाषी आणि गृहकृत्यदक्ष. वर हेकट, दुसऱ्याचे ऐकून न घेणारा, चहा गार झाला तरी वाद न सोडणारा. उभयतांनी एका छताखाली राहणे टाळावे.

गुलाबराव इतके आनंदले की त्यांनी तो अहवाल रत्नमालांना मोठ्याने वाचून दाखवला. वधू पुरुष आहे, हे कोणत्याही जनुक तपासणीत सहज दिसायला हवे. तेही कंपनीला दिसले नव्हते. पुरावा याहून निखळ असू शकत नाही, असे ते म्हणाले. चहा गार झाला होता.

सभेला साठेक माणसे होती. गुलाबरावांनी रीत समजावली, नळ्या दाखवल्या, संमतिपत्रे दाखवली आणि शेवटी अहवाल वाचला. नऊ मिनिटे लागली. त्यांनी टाळ्यांसाठी थांबून पाहिले.

मागच्या रांगेतून मंगेश उठले. खातीपुऱ्यात ते गुलाबरावांच्या वरच्या मजल्यावर राहत.

"मी बावीस वर्षं यांचा शेजारी आहे," ते म्हणाले. "यांचं स्वतःशी पटत नाही, हे खरंच आहे. नऊ गुण थोडे जास्तच दिलेत."

सभेने रत्नमालांकडे पाहिले. रत्नमालांनी मान डोलावली.

"अहो, मुद्दा तो नाही," गुलाबराव म्हणाले. "माणूस एकच आहे. दोन्ही नळ्यांत मीच आहे."

"तेच तर," दिलीपराव म्हणाले. विमा कंपनीतल्या नोकरीमुळे त्यांचा आवाज नेहमी सांत्वन केल्यासारखा येई. "कंपनीला तुमचा स्वभाव माहीत नव्हता. नुसत्या लाळेवरून त्यांनी हेकट म्हणून ओळखलं. गुलाबराव, इतका भक्कम पुरावा मंडळासमोर आजवर कोणी ठेवला नव्हता."

"आणि मृदुभाषी? गृहकृत्यदक्ष? त्याचं काय?"

"ते उत्तमाचं," कोणीतरी म्हणाले.

गुलाबरावांनी शेवटची उपसूचना मांडली. स्वभाव जुळवणारी चाचणी रद्द करावी. त्याऐवजी ज्यांची इच्छा असेल त्यांनी लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी करावी आणि निकाल फक्त त्यांच्यापाशीच राहावा. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. याला पुरावा आहे, भरपूर आहे, आणि तपासणी साध्या रक्ताची आहे.

सभेत नाराजी पसरली. "शुभकार्यात आजाराचं नाव कशाला?" एक आजी म्हणाल्या. उपसूचनेला अनुमोदक मिळाला नाही.

मग चारुलताबाई उठल्या. मुलाच्या लग्नाचा हिशेब त्या आठवडाभर मनात करत असाव्यात.

"माझं एवढंच म्हणणं आहे," त्या म्हणाल्या. "ज्या माणसाचं स्वतःशी नऊच जुळतं, त्याच्याबरोबर रत्नमालाताईंनी अडतीस वर्षं संसार केला. मग आमच्या मुलांचे सतरा म्हणजे चंगळ आहे. अठराची अट फार कडक आहे. ती नऊवर आणा."

सभेला हे एकदम पटले. दिलीपरावांनी तिथल्या तिथे दुरुस्ती लिहून घेतली आणि किमान नऊ गुणांच्या या अटीला 'गुलाबराव निकष' असे नाव दिले.

नऊला अर्थ नाही, सतराला अर्थ नाही, आणि दोन निरर्थक आकड्यांची तुलना केल्याने त्यांना अर्थ येत नाही, हे सांगण्यासाठी गुलाबरावांनी हात वर केला. दुसऱ्या रांगेत सावनी आणि निमिष शेजारी शेजारी बसले होते. सावनी त्यांच्याकडे पाहत होती. ती अजिबात शांत दिसत नव्हती. ती हसत होती.

"ठरावाच्या बाजूने गुलाबरावही," दिलीपराव हातांची मोजदाद करत म्हणाले. "म्हणजे एकमताने."

हात खाली घेण्याइतका वेळ होता. गुलाबरावांनी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रयोगाची वही उघडली. नमुने, रीत, निरीक्षणे, सगळे नीट नोंदलेले होते. निष्कर्षाचा रकाना तेवढा रिकामा होता. रत्नमाला साखरपुड्याची यादी करता करता दोनदा चहा गरम करून गेल्या, तेव्हा कुठे त्यांनी पेन टेकवले.

'चाचणी अविश्वसनीय. स्थळ पसंत.'