बुडबुड्यांचं गरम पाणी

तांब्याचा बंब मोडीत घालून शशिधरला तीन दिवस झाले होते, आणि त्याच्या जागी आलेलं यंत्र अजून एकदाही चाललं नव्हतं. आधी यंत्र चालवून बघायचं, मग बंब विकायचा, हे त्यालाही कळत होतं. पण मोटर आणायची कशातून? मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत विकण्याजोगं दुसरं होतं काय?

यंत्राची गंमत अशी, की भोकं पाडलेला लोखंडी रूळ पाण्यात गरगर फिरवायचा. बारके बुडबुडे होतात, फुटतात आणि त्या दणक्यानं पाणी तापतं. जाळ नाही, धूर नाही. त्याची बायको रत्नव्वा बारा वर्षं त्या बंबापुढं डोळे पुसत होती, ते शशिधरला बघवत नव्हतं. लेथवरचा माणूस, भोकं त्यानं मन लावून पाडली होती.

चौथ्या दिवशी सकाळीच सासरे दारात, कमरेवर हात ठेवून वाकलेले. चनबसाप्पा, मुक्काम मुरगूड. धरलेली कंबर डॉक्टरला दाखवायला आले होते.

"जावईबापू, पाणी काढा. अंघोळ, लिंगपूजा, मग च्या."

बंब सासऱ्यांनीच लग्नात दिलेला, वर त्यांचं नाव घातलेला. आणि अंघोळ-पूजेशिवाय म्हातारा घोटभर चहाही घेणार नव्हता.

"लावा आता ती चक्की," रत्नव्वा दबक्या आवाजात म्हणाली. "अप्पा उपाशी ऱ्हायलं तर तुमास्नीबी जेवाण न्हाय."

बटण दाबलं. यंत्र असं काही गरजलं की शेजारच्या तानाबाईच्या फळीवरचे डबे खाली आले. मग ते चालायला लागलं, म्हणजे खरोखरच चालत मोरीतून अंगणाकडं निघालं. शशिधरनं त्याला मिठी मारली, तर तोही बरोबर निघाला. रत्नव्वानं वर पाटा ठेवला, तो घसरून तिच्याच पायाजवळ पडला.

"सरका," म्हणत चनबसाप्पा पुढं आले आणि यंत्रावर बैठक मारून बसले. नव्वद किलोचा ऐवज. यंत्र जागच्या जागी थांबलं. हलू लागले ते सासरे, मिशांसकट.

"मामा, उतरा की!"

"ग-प ऱ्हा-वा. चा-लू द्या."

अर्ध्या तासानं शशिधरनं तोटी सोडून खाली बोट धरलं आणि झटक्यात मागं घेतलं. रत्नव्वानंही हात लावून बघितला.

"तापलंय की वो," ती म्हणाली, आणि धूर नसतानाच तिनं डोळे पुसले.

अंघोळ झाली, पूजा झाली, चहा झाला. शशिधरनं कप खाली ठेवला. "मामा, एक सांगायचं हुतं. बंब..."

"ठावं हाय. यष्टीतनं उतरून येताना शाहूपुरीत एका दुकानाच्या दारात दिसला. माझंच नाव वाचलं. सोडवून ठिवलाय. म्हटलं, आधी जावयाला जाब इचारावा."

शशिधरनं मान खाली घातली. "आत्ता जाऊन आणतो."

"नगं. त्यो मी मुरगूडला न्हेतो. तुमच्यात आता त्येचं काय काम?" सासऱ्यांनी यंत्रावर थाप मारली. "ह्येच्यावर नाव घालून घ्या. तुमचं."

सासरे उठून उभे राहिले, कमरेवर हात न ठेवता, ताठ.

"अप्पा, डाक्टरकडं कवा जायाचं?" रत्नव्वानं विचारलं.

"त्यो कशाला? चार दिवस ऱ्हातो हितंच. रोज मीच पाणी तापवतो."