ठिगळ्याची डावी बाजू

सोमवारी दुपारी मास्तरांनी ठरवलं, की कुत्र्याचे केस आपणच कापायचे. ठरवायला त्यांना चहा निवेपर्यंतही वेळ लागला नाही. निस्तरायला मात्र शनिवार उजाडला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं टेबल आणि ट्रायलचा उंच आरसा; मागच्या दोन खोल्यांत संसार. बत्तीस वर्षांत आपल्या हातून एकही पँट आखूड झाली नाही, असं ते सांगतात. (एक झाली होती. ती ते घरात वापरतात.) बायको आपल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आठवडाभर गेली होती आणि जाताना दोन गोष्टी बजावून गेली होती: गॅस नीट बंद करा, आणि रविवारी ठिगळ्याला केस कापायला पार्लरमध्ये न्या, मी वेळ घेऊन ठेवली आहे. तिसरी गोष्ट ती जिन्यावरून परत येऊन म्हणाली, "आणि तुम्ही त्याला कात्री लावू नका."

ही तिसरी गोष्ट ती बोलली नसती, तर मास्तरांच्या डोक्यातही आलं नसतं.

ठिगळ्या जेमतेम मशीनच्या पायडलाएवढा कुत्रा. कान एका जातीचे, शेपूट दुसऱ्याच जातीची आणि पाय बहुधा उरलेल्या कापडातून काढलेले, म्हणून मास्तरांनीच हे नाव ठेवलं होतं. मुलगी लग्न होऊन गेली, घर एकदम गप्प झालं, आणि त्यानंतरच्या महिन्यात बायकोने त्याला शालीत गुंडाळून आणला. मास्तर आठ दिवस कुरकुरले. नवव्या दिवशी ते त्याच्यासाठी गादी शिवत होते. अंगावर तपकिरी लोकर अशी दाट, की त्याचे डोळे कुठल्या टोकाला आहेत हे पाहुण्यांना विचारावं लागे.

आता मास्तरांची कापायची एक रीत आहे. कोट असो वा शर्ट, कापड दुमडून घ्यायचं, अर्ध्याचीच आखणी करायची. अर्धं कापलं की दुसरं अर्धं आपसूक कापलं जातं. हात त्या रीतीला इतके सरावलेले, की त्यांनी ठिगळ्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत खडूने सरळ रेघ मारली आणि डावी बाजू झकास उतरवली. कान, पोट, पाय, सगळं एका मापात. आतून निघाली पांढुरकी कातडी आणि तिच्यावर काळे ठिपके. वर्षभर हा प्राणी ठिपक्यांचा आहे याचा कुणाला पत्ताच नव्हता.

दोन पावलं मागे सरून मास्तर खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की कुत्रा दुमडलेला नव्हता.

त्याच वेळी ठिगळ्याने ट्रायलच्या आरशात पाहिलं. काय दिसलं ते त्यालाच ठाऊक, पण तो कपाटाखाली शिरला तो रात्रीच्या जेवणालाच बाहेर आला. त्यानंतर कात्रीचा नुसता आवाज झाला तरी तो कपाट गाठी. मास्तरांनी कात्री पाठीमागे लपवली, टोपीखाली लपवली, एकदा तर गाणं म्हणत म्हणत पुढे आणली. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी विचार केला, रविवारी पार्लरवाला उरलेलं कापील, बायको येणार सोमवारी, कुणाला कळतंय.

बायकोला रोज ठिगळ्याचा फोटो लागे. मास्तर उजव्या बाजूने काढून पाठवत.

"सारखा एकाच बाजूने का हो?" तिने फोनवर विचारलं.

"त्याची ती बाजू फोटोत चांगली येते."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. मास्तरांना हायसं वाटलं. (तिच्या 'बरं'चे किती प्रकार आहेत, हे इतक्या वर्षांत त्यांना कळायला हवं होतं.)

पण इमारतीत सेक्रेटरी होते. एका गोदामाच्या फाटकावर आत-बाहेरची नोंद ठेवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि निवृत्तीनंतर ते तळमजल्यावर आपल्या खिडकीत वही घेऊन बसत. त्या खिडकीसमोरून फाटकाकडे जाताना माणसाची उजवी बाजू दिसे आणि परत येताना डावी. कुत्र्याचंही तेच.

शुक्रवारी सकाळी ते मास्तरांच्या दारात उभे राहिले.

"मंगळवारपासून पाहतोय," ते वही उघडून म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ तुमच्याकडून एक केसाळ कुत्रा बाहेर जातो आणि एक बोडका आत येतो. गेलेले केसाळ सहा, आलेले बोडके सहा. केसाळ एकही परत आलेला नाही."

"अहो, कुत्रा एकच आहे."

"मग बोडका कोण?"

इथे मास्तरांनी खरं सांगायला हवं होतं. पण सेक्रेटरींची नवी पँट त्यांच्याकडे शिवायला होती, अर्ध्या इमारतीचे कपडे त्यांच्याकडे होते. बत्तीस वर्षांच्या कारागिराने कुत्रा अर्धाच कापला, हे ऐकल्यावर कोण विश्वासाने माप देणार? त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तो... पाहुणा आहे."

"सहाही?"

मास्तरांनी मान अर्धवट हलवली. सेक्रेटरींनी तेही लिहून घेतलं.

"एका घरात एकच प्राणी, हा नियम आहे. उद्या पाचला मीटिंग. जास्तीचे निघाले तर परवानगी रद्द, मग एकही ठेवता येणार नाही."

दार लावून मास्तर खुर्चीत बसले. ठिगळ्या आला आणि आपली बोडकी बाजू त्यांच्या पोटरीला टेकवून झोपला. सोमवारपासून त्या बाजूला त्याला गार लागे आणि तो अशी ऊब शोधत येई. ज्याने ही अवस्था केली त्याच्याकडेच येई. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. हा गेला तर बायको या घरात कुणाशी बोलणार, आणि खरं म्हणजे आपण तरी कुणाशी बोलणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी हळूच आपली शाल त्याच्यावर घातली.

शनिवारी पाचला तळमजल्यावर झाडून सगळे जमले. मास्तर ठिगळ्याला काखेत घेऊन उतरले आणि त्याला मधोमध ठेवला. योगायोगाने डावी बाजू सभेकडे आली.

"हा बोडक्यांपैकी एक," सेक्रेटरी म्हणाले. "बाकीचे?"

मास्तरांनी घसा खाकरला. "बाकीचे नाहीत. हाच तो. मीच कापला. अर्धा."

"अर्धा म्हणजे?"

"म्हणजे इकडून."

"असं कुणी करतं का?" वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या. "काहीतरी दुसरं कारण सांगा, मास्तर."

तेवढ्यात दार ढकलून मास्तरांची बायको हातात बॅग घेऊन आत आली, सोमवारच्या ऐवजी शनिवारीच. ठिगळ्याने तिला पाहिलं आणि गर्रकन वळून तिच्याकडे झेप घेतली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बोडका कुत्रा केसाळ झाला.

सेक्रेटरींचं पेन थांबलं. "पुन्हा फिरवा," ते म्हणाले. बायकोने त्याला फिरवला. "आणखी एकदा." तिसऱ्या फेरीला नर्सबाई हसून खुर्चीतून घसरल्या, आणि मग कुणालाच आवरेना. सेक्रेटरी तेवढे हसले नाहीत. त्यांनी सहा नोंदींवर एकेक काट मारली आणि शेरा लिहिला: कुत्रा एक. परवानगी कायम.

बायको ठिगळ्याच्या पाठीवरच्या रेघेवरून बोट फिरवत होती. "मी कात्री लावू नका म्हटलं होतं."

"अर्धीच लावली," मास्तर पुटपुटले. "पण तू लवकर कशी आलीस?"

"मंगळवारी कळल्यावर राहवतंय होय? ताईचा गुडघा बरा आहे, तुमचंच काळजीचं होतं."

"मंगळवारी? मी तर उजव्या बाजूने फोटो पाठवत होतो."

"हो. ट्रायलच्या आरशासमोर उभा करून."

रविवारी पार्लरवाल्याने उजवी बाजूही उतरवली आणि ठिगळ्या सगळीकडून सारखा झाला. मास्तरांना वाटलं, प्रकरण मिटलं.

सोमवारी सेक्रेटरी पँट न्यायला आले. मास्तरांनी इस्त्री केलेली पँट त्यांच्या हातात ठेवली. सेक्रेटरींनी ती पुढून पाहिली, उलटी करून मागून पाहिली, उजेडाला धरून दोन्ही पायांत एकेक हात घालून पाहिला. मग खिशातून वही काढली आणि लिहिलं: पँट एक. पाय दोन. समक्ष मोजले.